सोनपेठच्या घरात टेरियर

छोटं कुत्रं म्हणजे कमी काम, हा समज पिल्लू आणायला निघालेल्या बहुतेक घरांत आधीपासून पक्का असतो. जागा कमी लागेल, खाणं कमी लागेल, पोरं उचलून घेतील. मोबाइलवरच्या जाहिरातींमुळे आता परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावातही कुठल्याही विलायती पिल्लाचा फोटो हातात येतो. पग, पॉमेरेनियन, शिह त्झू पाहून झाले की नजर जॅक रसेलवर किंवा यॉर्कशायर टेरियरवर जाते. आणि हा समज सगळ्यात जास्त फसतो तो टेरियरच्याच बाबतीत. सहा किलोचा टेरियर अंगाने लहान असतो, पण त्याला लागणारं काम, लक्ष आणि वैद्यकीय काळजी मोठ्या कुत्र्याइतकीच असते. सोनपेठच्या हवेत आणि शिवारात ती थोडी अधिकच लागते. म्हणून पिल्लू कोणतं घ्यावं याच्याही आधी, आपल्या गावात आणि आपल्या घरात त्याचं कसं निभेल याचा सगळ्या बाजूंनी विचार व्हायला हवा.

टेरियर हे एका जातीचं नाव नाही. तो कुत्र्यांचा मोठा गोतावळा आहे आणि त्यातला बराचसा ब्रिटनमधल्या शेतकऱ्यांनी, शिकाऱ्यांनी आणि गिरणी कामगारांनी घडवला. कोल्हा, बॅजर, उंदीर यांच्या मागे बिळात शिरायचं, भुंकून त्यांना बाहेर काढायचं किंवा आतच निकाल लावायचा, हे त्यांचं काम. जॉन रसेल या पाद्र्याने १८१९ मध्ये, ऑक्सफर्डला शिकत असताना, एका दूधवाल्याकडून ‘ट्रम्प’ नावाची कुत्री विकत घेतली. पुढे डेव्हनमध्ये कोल्ह्याच्या शिकारीसाठी त्याने जी ओळ वाढवली तिला जग आज त्याच्याच नावाने ओळखतं. रेशमी केसांत रिबीन बांधून मिरवणारा यॉर्कशायर टेरियर मूळचा कामगार वस्तीतला. स्कॉटलंडहून इंग्लंडच्या कापड गिरण्यांत पोट भरायला आलेल्या माणसांच्या कुत्र्यांपासून तो तयार झाला आणि उंदीर मारण्यावर त्याने नाव कमावलं. मराठी घरांनाही हे कूळ अनोळखी नाही. एचएमव्हीच्या तबकडीवर कर्ण्यासमोर मान कलती करून बसलेला निपर हा ब्रिस्टलचा, टेरियर रक्ताचा कुत्रा. तो १८९५ मध्ये मेला. फ्रान्सिस बॅरो या चित्रकाराने त्याचं चित्र त्यानंतर काढलं आणि १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीने ते विकत घेतलं. नाट्यगीतांच्या तबकड्या ऐकणाऱ्या आपल्या आजोबा-पणजोबांनी टेरियर पाहिला तो असा, चित्रात.

या इतिहासातली एक गोष्ट आजच्या घराला थेट लागू पडते. मेंढ्या राखणारा कुत्रा मालकाच्या शिट्टीकडे लक्ष ठेवून काम करतो. टेरियर बिळात गेला की मालक वर आणि तो खाली. अंधारात, समोर दात विचकणारं जनावर असताना पुढे जायचं की थांबायचं हे त्याचं त्यालाच ठरवावं लागे. ज्या कुत्र्यांनी ते ठरवलं आणि माघार घेतली नाही, त्यांचीच पिल्लं पुढे ठेवली गेली. त्यामुळे टेरियर धीट असतो, तसाच तो आपल्या मताचा असतो. हाक मारल्यावर तो ऐकत नाही तेव्हा तो बिघडलेला नसतो; ज्या गुणासाठी त्याला घडवलं तोच गुण तो दाखवत असतो. हे मनापासून पटत असेल तरच पुढचा विचार करावा.

कापसाच्या बांधावर टेरियर काय करतो ते एकदा नीट पाहण्यासारखं आहे. चालता चालता तो एकदम थबकतो. कान पुढे, शेपूट ताठ, पुढचा एक पाय वर. नाक उंदराच्या बिळाच्या तोंडाशी जातं, आत जोराने दोन-तीन श्वास ओढले जातात आणि मग अंग थरथरायला लागतं. दुसऱ्या क्षणी पुढचे पाय माती उकरू लागतात, मागच्या पायांमधून ढेकळं उडतात आणि खांद्यापर्यंतचा भाग जमिनीत गेलेला असतो. नाव घेऊन कितीही ओरडा, मागचं धड जराही हलत नाही. शेवटी छातीच्या पट्ट्याला धरून ओढूनच काढावं लागतं. काळ्या मातीने डोळे भरलेले, जिभेवर चिखल, आणि चेहऱ्यावर असा आनंद की रागावणं जमत नाही.

पण हे बीळ इंग्लंडमधलं नाही. सोनपेठ तालुक्याच्या गोदाकाठच्या पट्ट्यात ऊस आहे, कापूस आणि सोयाबीन आहे. उंदीर आणि घुशी भरपूर आहेत आणि त्यांच्या मागे साप आहेत. नाग उंदरांच्या बिळांत राहतो. घोणस पाचटात आणि गवतात पडून असते. मण्यार रात्री घराजवळ येते. टेरियर साप दिसल्यावर मागे सरकत नाही, तोंड पुढे करून भिडतो, म्हणून दंश बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो. चावा मोठ्या जनावराला असो की लहान, विष जवळपास तेवढंच जातं. सहा किलोच्या शरीराला ते फार होतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारी जी प्रतिविषाची लस माणसांना देतात तीच कुत्र्यालाही देता येते, पण ती वेळेत मिळाली तर. म्हणून उसाच्या फडात, पाचटाच्या ढिगाजवळ किंवा अंधार पडल्यावर बांधावर टेरियर मोकळा सोडायचा नाही. लांब दोरी लावूनच फिरवायचा. याला दुसरी बाजू कायद्याची आहे. मुंगूस, ससा, घोरपड, साळिंदर या सगळ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. कुत्रा सोडून त्यांची शिकार करणं गुन्हा आहे, मग ती हौस म्हणून का केलेली असेना.

सापापेक्षाही मला जास्त भीती वाटते ती उंदराच्या औषधाची. आखाड्यावरच्या कोठीत, किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत, घराच्या माळवदावर कुठे ना कुठे ते ठेवलेलं असतं. झिंक फॉस्फाइडला उतारा नाही. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या खाल्लेला कुत्रा पहिले दोन-तीन दिवस अगदी ठणठणीत दिसतो. मग हिरड्या फिकट पडतात, नाकातून किंवा शीतून रक्त येतं, दम लागतो. व्हिटॅमिन के-१ वेळेवर सुरू झालं तर तो वाचू शकतो, आणि ते काही आठवडे चालू ठेवावं लागतं. टेरियरच्या बाबतीत धोका दुहेरी आहे, कारण वडी त्याने खाल्ली नाही तरी ती खाऊन मेलेला उंदीर तो हमखास तोंडात धरतो. ज्या घरात टेरियर आणायचा त्या घरात, गोठ्यात आणि आखाड्यावर उंदराचं विष ठेवणं बंद करावं लागतं. पिंजरे लावावे लागतात. कोठीत धान्यात ठेवायच्या गोळ्यांनाही हाच नियम. शेजाऱ्यालाही सांगून ठेवावं. एवढं करण्याची तयारी नसेल तर टेरियर आणूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

उंदराशी संबंध आला की लेप्टोस्पायरोसिसही आला. उंदराच्या मुतातून, साचलेल्या पाण्यातून तो कुत्र्याला होतो आणि कुत्र्याच्या मुतातून घरच्या माणसांपर्यंत येऊ शकतो. कावीळ, मूत्रपिंड निकामी होणं असं त्याचं रूप असतं. शहरातल्या फ्लॅटमधल्या कुत्र्याच्या बाबतीत ही लस कधी मागे पडत असेल. उंदीर धरणाऱ्या कुत्र्याला ती दरवर्षी हवीच.

आता जातींकडे. परभणी जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो आणि इथला उन्हाळा मार्चपासूनच तापायला लागतो. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. त्याचं अंग गार होतं ते धापा टाकून, जिभेवरून आणि नाकातून पाणी उडून जाऊन. बाहेरची हवाच तापलेली असेल तर ही सोय तोकडी पडते. वेस्ट हायलँड व्हाइट टेरियर, केर्न आणि स्कॉटिश टेरियर हे स्कॉटलंडच्या थंड, पावसाळी डोंगरांतले. अंगावर केसांचं दुहेरी आवरण. वेस्टीला त्वचेच्या अ‍ॅलर्जीची खोड मुळातच असते, त्यात आपली धूळ, घाम फोडणारी पावसाळी हवा आणि गोचीड यांची भर पडली की वर्षभर खाजवणं आणि औषधं चालू राहतात. स्कॉटिश टेरियरला मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका इतर कुत्र्यांपेक्षा कितीतरी पट जास्त असल्याचं पशुवैद्यकात जुनंच निदान आहे. हे कुत्रे सोनपेठला आणणं म्हणजे त्यांच्यावर अन्याय आहे. यॉर्कशायर तीन किलोच्या आसपासचा. त्याचे केस रोज विंचरावे लागतात, दात लवकर खराब होतात, गुडघ्याची वाटी सरकते, गळ्याला पट्टा लावून ओढलं तर नाजूक श्वासनळी दबते. पलंगावरून पडूनही त्याचा पाय मोडू शकतो. लहान मुलांच्या, येत्या-जात्या पाहुण्यांच्या घरात त्याचं निभणं अवघड.

उरतात ते आखूड, गुळगुळीत केसांचे जॅक रसेल आणि स्मूथ फॉक्स टेरियर. सहा ते आठ किलो वजन, आठवड्यातून दोनदा ओल्या फडक्याने पुसलं आणि ब्रश फिरवला की झालं. उष्णता ते इतरांपेक्षा बरी सोसतात. सोसतात एवढंच, त्यांना ती आवडते असं नाही. त्यांच्यातही उणिवा आहेत. डोळ्यातलं भिंग जागचं सरकण्याचा आनुवंशिक आजार या दोन्ही जातींत दिसतो. अचानक डोळा लाल, पाणावलेला आणि दुखरा झाला तर तो वाट पाहण्याचा विषय नसतो, त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. ज्या पिल्लांचं डोकं आणि कान बहुतांशी पांढरे असतात त्यांच्यात बहिरेपण जास्त आढळतं. घेताना पिल्लू दुसरीकडे पाहत असताना मागे किल्ल्या वाजवाव्यात. कान हलले पाहिजेत. सगळी भावंडं धावत येतात आणि एक झोपूनच राहतं, तर ते शहाणं आहे असं समजू नये.

‘टेरियर’ हे नाव ऐकून काही जण पिटबुलची आठवण काढतात. बंदीची ती काळजी इथे लागू नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ जातींवर बंदी घालण्याबद्दल राज्यांना पत्र पाठवलं, त्यात पिटबुल टेरियर आणि अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर होते. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. छोटे टेरियर त्या यादीत नव्हतेच. याच्या उलट एक गोंधळ खालच्या टोकाला होतो: ल्हासा अप्सो, शिह त्झू, पॉमेरेनियन यांनाही सरसकट टेरियर म्हणून विकलं जातं. ते टेरियर नाहीत. त्यांचा स्वभाव वेगळा, गरजाही वेगळ्या.

उन्हाळ्याचं वेळापत्रक घरातल्या सगळ्यांनी पाळायचं असतं. फिरणं सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी रस्ता थंडावल्यावर. डांबरावर हाताचा मागचा भाग ठेवून पाहावा. आपल्याला पाच-सहा सेकंद ठेववत नसेल तर त्याच्या पायांनाही तो रस्ता नको. दुपारी फरशीवर ओलं पोतं, दोन ठिकाणी पाणी, पंखा. पत्र्याच्या खोलीत बांधायचं नाही आणि उभ्या गाडीत तर कधीच ठेवायचं नाही. उष्माघात झाला, म्हणजे कुत्रा लडखडू लागला, लाळ घट्ट झाली, हिरड्या गडद लाल दिसू लागल्या, तर अंगावर साधं पाणी ओतत पंख्याखाली धरून गार करायचं आणि गार करत करतच दवाखान्याकडे निघायचं. नॉर्मल तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सियसच्या आसपास असतं. ४१ च्या वर गेलं की अवयव निकामी होऊ लागतात. उन्हाळा आला म्हणून दुहेरी केसांच्या कुत्र्याचं मुंडण करणं हाही उपाय नव्हे, त्याने कातडी भाजते.

गच्चीचाही विचार करावा. डिसेंबर २०२१ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात, माजलगाव तालुक्यातल्या लवूळला वानरांनी कुत्र्यांची पिल्लं उचलून उंच जागी नेल्याच्या बातम्या देशभर गाजल्या. आकडे बरेच फुगवून सांगितले गेले, पण वन विभागाने तिथली दोन वानरं पकडून नेली हे खरं आहे. दोन महिन्यांचं टेरियरचं पिल्लू गच्चीवर किंवा अंगणात एकटं सोडू नये, याला एवढं कारण पुरे.

रोजच्या काळजीतला सर्वात चिवट शत्रू म्हणजे गोचीड. मराठवाड्यात गोचीड जवळपास बारमाही आहे. कुत्र्याचं तपकिरी गोचीड घराच्या आतही वाढतं: रक्त पिऊन फुगलेली मादी कुत्र्याच्या अंगावरून खाली पडते, भिंतीच्या भेगेत, चौकटीच्या मागे, फरशीच्या सांध्यात शिरते आणि तिथे हजारो अंडी घालते. दगड-मातीच्या जुन्या घरात, माळवदाच्या खणात तिला हवी तेवढी जागा मिळते. म्हणून नुसत्या कुत्र्याचा उपचार पुरत नाही, घराचाही करावा लागतो. तपासणी दररोज रात्री, दोन मिनिटांची. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, काखेत, शेपटीच्या मुळाशी, पट्ट्याखाली. सापडलेलं गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायचं आणि बाटलीतल्या स्पिरिटमध्ये टाकायचं. नखांनी चिरडायचं नाही. यातून होणाऱ्या एर्लिकिया आणि बबेसिया या तापांत कुत्रा खाणं सोडतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून रक्त येऊ शकतं. रक्त तपासून वेळेवर औषध मिळालं तर बहुतेक कुत्रे बरे होतात.

इथे एक गोष्ट जोर देऊन सांगायला हवी. गुरांच्या गोचिडांवर फवारायचं औषध अंदाजाने कुत्र्यावर ओतणं किंवा कापसावर मारायचं कीटकनाशक पाण्यात कालवून अंगाला चोळणं, हे आपल्या भागात घडतं. पाचशे किलोच्या बैलासाठी असलेली मात्रा सहा किलोच्या कुत्र्यावर ओतली की फेस येतो, झटके येतात आणि पुष्कळदा तासाभरात सगळं संपतं. कुत्रा ते अंगावरून चाटतो, मुलं त्याला कवटाळतात. डॉक्टरांनी वजन करून दिलेलं मानेवर टाकायचं औषध किंवा गोळी एवढंच वापरावं.

लसीकरणाचा क्रम फार अवघड नाही. सहा ते आठ आठवड्यांपासून डिस्टेंपर-पार्व्होची पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढच्या, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. तीन महिने झाले की रेबीज, मग डॉक्टर सांगतील तसा बूस्टर आणि दरवर्षी एक. जंतांचं औषध सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी. पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. ज्या अंगणात आधी पिल्लू रक्ताची हगवण लागून दगावलं असेल तिथे लस पूर्ण झाल्याशिवाय नवं पिल्लू आणायचं नाही. लस दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते, म्हणून वीज तासन् तास जात असेल तर लस ठेवणाऱ्याकडे फ्रीज कसा चालतो हे विचारण्यात संकोच करू नये. घरचं लस घेतलेलं कुत्रं असलं तरी त्याने किंवा गल्लीतल्या कुत्र्याने चावा घेतला, ओरखडलं, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि सरळ सरकारी दवाखान्यात जायचं. हळद-मिरची भरायची नाही.

आणि इथेच सोनपेठचा खरा प्रश्न येतो. तालुक्याच्या ठिकाणचा पशुवैद्यकीय दवाखाना मुख्यतः गाई-म्हशी, बैल, शेळ्यांसाठी उभा आहे आणि ते योग्यच आहे. लस, जंताचं औषध, साधा ताप, जखम इथे होऊन जाईल. पण रक्ताच्या तपासण्या, एक्स-रे, सलाइनवर ठेवणं, डोळ्याची शस्त्रक्रिया यासाठी परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठावं लागतं. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं हे महाविद्यालय आणि उदगीरचं दुसरं, ही मराठवाड्यातल्या पशुवैद्यकाची मोठी आधारस्थानं आहेत. रस्ता दीड-दोन तासांचा. रात्री अकराला झटके आलेलं कुत्रं घेऊन कोण निघणार, कोणत्या गाडीने, हे पिल्लू आणण्याच्या आधी ठरलेलं असावं. परभणीला एक चक्कर मारून दवाखान्याच्या वेळा विचाराव्यात, ओळख करून घ्यावी.

घरातल्या माणसांचा हिशेब याहून नाजूक आहे. पिल्लाचा हट्ट बहुधा नऊ-दहा वर्षांचं मूल धरतं. ते वय टेरियरसाठी चांगलंही आहे. सहा वर्षांच्या आतल्या मुलांच्या घरात मी तो सुचवणार नाही, कारण शेपूट ओढली, तोंडातलं काढून घेतलं की टेरियर सहन करत बसत नाही. पण टेरियर तेरा ते पंधरा वर्षं जगतो. आपल्याकडे दहावी झाली की पोरगं अकरावी-बारावीसाठी लातूरला किंवा नांदेडला जातं, तिथून पुढे पुण्याला. कुत्रा तेव्हा पाच-सहा वर्षांचा, ऐन भरात. उरलेली आठ-नऊ वर्षं त्याला सकाळी फिरवणार कोण, रात्री गोचीड पाहणार कोण? आई. नाहीतर आजी. म्हणून पिल्लू आणायचं की नाही याचा शेवटचा शब्द हट्ट करणाऱ्या मुलाचा नसावा, बक्षीस म्हणून कबूल करून बसलेल्या बापाचाही नसावा. तो घरात मागे राहणाऱ्या बाईचा असावा. तिने मनापासून हो म्हटलं तरच आणावं. मला विचाराल तर निवडीच्या साऱ्या कसोट्यांत ही पहिली आहे.

खाण्याबद्दल थोडक्यात. सहा किलोच्या, पूर्ण वाढलेल्या टेरियरला दिवसाला साधारण ४०० किलोकॅलरी लागतात. ज्वारीच्या दोन मध्यम भाकरींतच हा आकडा भरतो. त्यामुळे दुधात कुस्करलेली भाकर खाऊन तो जाडही होतो आणि अर्धपोटीही राहतो, कारण ज्वारीत लायसिन कमी आणि कुत्र्याला लागणारी चांगली प्रथिनं आणखी कमी. अर्धी भाकर किंवा भात, त्यात बिनमसाल्याचं शिजवलेलं चिकन किंवा अंडं, थोडी डाळ, लाल भोपळा, चमचाभर दही, असं दोन वेळा दिलं की पुष्कळ साधतं. कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांचं डॉक्टरांना विचारून जोडावं. शाकाहारी घरात निदान अंडं तरी चालणार का ते आधी ठरवावं. नसेल तर तयार खाद्य घ्यावं, नुसत्या वरण-भाकरीवर ठेवू नये. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे आणि चॉकलेट ही कुत्र्याला विषं आहेत. फोडणीचं वरण, चिवडा, मटणाचा रस्सा यांत कांदा-लसूण असतोच. शिजवलेली हाडं फुटून आतड्याला भोसकतात, तीही नकोत.

शिकवण मारून होत नाही. टेरियरवर हात उगारला की तो एकतर उलटतो किंवा लपून तेच करतो. त्याला काम द्यावं लागतं. अंगणाच्या एका कोपऱ्यात वाळूचा खड्डा करून त्यात खाऊ पुरून ठेवा, म्हणजे तुळशीचं वृंदावन आणि फुलझाडं वाचतात. जुन्या धोतराची गाठ मारून ओढाओढी खेळा, घरात वाटी लपवून शोधायला लावा. रोज तासभर चालणं-पळणं आणि पंधरा मिनिटं डोक्याला खुराक मिळाला तर तोच कुत्रा दुपारभर शांत झोपतो. न मिळाला तर भुंकून गल्ली डोक्यावर घेतो आणि फाटकाखालची माती उकरून पळतो. फाटकाखाली वीतभर खोल जाळी पुरावी. ज्या आखाड्यावर कोंबड्या मोकळ्या फिरतात तिथे टेरियर नकोच. कितीही शिकवा, एक दिवस कोंबडी जाणार. गल्लीतल्या मोठ्या कुत्र्यांवरही तो स्वतःचं वजन विसरून धावून जातो, म्हणून बाहेर दोरी सुटता कामा नये. प्रजनन करायचं नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळेवर नसबंदी करावी. मादीच्या माजाच्या दिवसांत दारात जमणारी कुत्री आणि नंतरच्या वयात गर्भाशयात होणारा पू, दोन्ही त्रास टळतात.

घेण्याच्या जागेविषयी कायदा स्पष्ट आहे. कुत्र्यांच्या प्रजनन व विक्रीविषयीच्या २०१७ च्या नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. बसस्टँडवर खोक्यातून हातात दिलेलं पाच आठवड्यांचं पिल्लू हे बेकायदा तर आहेच, बहुतेक वेळा आजारीही असतं. पिल्लाची आई पाहायला मागा. ती लपवली जात असेल, फक्त व्हिडिओ दाखवला जात असेल, ‘पेपर नंतर पाठवतो’ असं सांगितलं जात असेल तर पैसे देऊ नका. चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाची नोंद आणि मायक्रोचिप वंशाची माहिती देते, तब्येतीची हमी देत नाही. ती डॉक्टरांच्या तपासणीतूनच मिळते.

सगळं जमवून पाहता माझा कौल असा. घरात सहा वर्षांवरची मुलं आहेत, दिवसभर एक मोठं माणूस घरी असतं, अंगणाला कुंपण आहे, उंदराचं विष हद्दपार करायची तयारी आहे आणि परभणीपर्यंत जायला रात्री-बेरात्री गाडी मिळते, तर आखूड केसांचा जॅक रसेल किंवा स्मूथ फॉक्स टेरियर सोनपेठला चांगला राहू शकतो. यातल्या दोन गोष्टी जरी नसतील, किंवा विष हटवायची एकच तयारी नसेल, तर टेरियरचा नाद सोडावा. अशा घरांनी गल्लीतल्याच देशी कुत्रीचं धडधाकट पिल्लू उचलावं. इथलं ऊन त्याच्या अंगात मुरलेलं आहे, वर्दी द्यायला ते टेरियरइतकंच तत्पर असतं आणि वंशाच्या कागदांसाठी कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत. मात्र लस, जंताचं औषध, नसबंदी, पोटभर चांगलं खाणं आणि रोजची तपासणी हे सगळं त्यालाही तेवढंच द्यायचं आहे. पिल्लू कोणतंही आणा, घरी नेण्याच्या आधी त्याला दवाखान्यात न्या आणि रेबीजच्या लसीची तारीख त्याच दिवशी घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.